समुद्रावरचा मिथेन उपग्रहाला दिसत नाही?

‘समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मवरून काय सुटतं ते उपग्रहाला कळूच शकत नाही’, हे अजूनही ठासून सांगितलं जातं. एकेकाळी ते बरंचसं खरं होतं. मिथेन टिपणारे उपग्रह परावर्तित सूर्यप्रकाशातला अवरक्त पट्टा वाचतात आणि पाणी नेमका तोच गिळतं. समुद्रच काळा, मग वायूची खूण उमटणार कशावर?

पण सूर्य पाण्यावर चमकतो ती जागा भरपूर उजळ असते. कोन जुळवून त्या चकाकीत पाहिलं की मिथेनचा लोट उठून दिसतो. मेक्सिकोच्या आखातातल्या झाप-सी प्लॅटफॉर्मबाबत हेच घडलं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या संशोधकांनी वर्ल्डव्ह्यू-3 आणि लँडसॅट-8 या उपग्रहांची चित्रं तपासली. डिसेंबर 2021 मध्ये 17 दिवसांत सुमारे 40,000 टन मिथेन सुटला, असा त्यांचा अंदाज 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लेअरची, म्हणजे नको असलेला वायू जाळून टाकणाऱ्या नळीची, ज्योत विझली होती आणि वायू न जळताच बाहेर पडत होता. (ज्वाळा दिसत नाही म्हणजे प्रदूषण नाही, हा आणखी एक गोड गैरसमज!)

अर्थात ढग आले, कोन हुकला किंवा गळती बारीक असली, तर हाती काहीच लागत नाही. कोऱ्या चित्रावरून प्लॅटफॉर्मला निर्दोष ठरवता येत नाही.