मेनूची उतरंड आणि तिरका कर्सर

हजारो नोंदी एका दारातून कशा दाखवायच्या, हा प्रश्न बडोद्याला संगणकाच्या कितीतरी आधी पडला होता. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावले आणि त्यांनी कटर व ड्युई या ग्रंथालयतज्ज्ञांच्या वर्गीकरण पद्धतींचा मेळ घालून संस्थानाच्या ग्रंथालयांसाठी वर्गीकरण बेतले. पण मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातले कपाट वाचक पुढे सरकताच मिटत नाही. पडद्यावरचा मेनू, म्हणजे संकेतस्थळावरची पर्यायांची यादी, मिटतो.

मेनूत एकाखाली एक पातळ्या किती असाव्यात हे संशोधक ड्वाइट मिलर यांनी १९८१ मध्ये मोजून पाहिले. ६४ शब्द चार तऱ्हांनी मांडले: दोन-दोन पर्यायांच्या सहा पातळ्या, चार-चारच्या तीन, आठ-आठच्या दोन, आणि सगळे एकदम. आठ-आठच्या दोन पातळ्या सर्वांत वेगवान ठरल्या. १९९८ मध्ये लार्सन आणि झर्विन्स्की यांनी वेबपानांवर ५१२ नोंदी घेतल्या, तेव्हा आठ-आठच्या तीन पातळ्या मागे पडल्या आणि १६ व ३२ च्या दोन पातळ्या पुढे गेल्या. तरी 'मेनूत सातच पर्याय हवेत' हे अजून ऐकू येते. ते १९५६ च्या जॉर्ज मिलर यांच्या लेखावरून आले (हे मिलर वेगळे). तो लेख स्मरणाच्या मर्यादेविषयी आहे. डोळ्यांसमोरची यादी कुणी पाठ करत नाही.

पातळ्या कमी केल्या तरी कर्सरची वाट उरतेच. डावीकडे मुख्य यादी, उजवीकडे उपमेनू. समजा, मुख्य यादीत 'ग्रंथालय' आणि त्याखाली 'प्रकाशने' आहे. 'ग्रंथालय'वरून उपमेनूतल्या शेवटच्या ओळीकडे हात तिरकाच जातो. वाटेत खालचे 'प्रकाशने' लागते, हवा तो उपमेनू मिटतो आणि भलताच उघडतो. आधी आडवा, मग उभा असा काटकोनात माउस कोण नेतो? ॲपलने १९८० च्या दशकातच मॅकच्या उपमेनूंसाठी व्ही-आकाराचा राखीव पट्टा ठेवला होता. त्यातून जाताना खालचा पर्याय जागा होत नसे. वेबवर ही समज बरीच वर्षे आली नाही. २००३ च्या 'सकरफिश' नावाच्या ड्रॉपडाउनने (खाली उघडणाऱ्या मेनूने) उपमेनू सीएसएसच्या (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) होव्हरवर, म्हणजे कर्सर वर येताच, उघडला आणि कोड आटोपशीर झाला, पण होव्हरला कर्सर कुठे आहे एवढेच कळते, कुठे निघालाय ते कळत नाही.

मग विलंबाची मलमपट्टी आली. अर्धा सेकंद थांबवले की चुका घटतात, पण यादी सरळ खाली चाळणारा प्रत्येक ओळीवर अडखळतो. ॲमेझॉनच्या मेनूतली युक्ती बेन केमन्स यांनी २०१३ मध्ये उलगडून दाखवली: कर्सरची क्षणापूर्वीची जागा आणि उपमेनूचे जवळचे दोन कोपरे यांचा त्रिकोण धरायचा. हालचाल त्रिकोणात असेतो उपमेनू तसाच ठेवायचा, बाहेर पडली की लगेच बदलायचा.

फोनवर होव्हरच नाही. एकच शब्द दुवाही आणि उघडझाप करणाराही असेल, तर टॅप करताच पान बदलते आणि उपमेनू दिसतच नाही. म्हणून शब्दाला दुवा, शेजारच्या बाणाला स्वतंत्र बटण. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत टॅपच्या जागेचे किमान मोजमाप २४ × २४ पिक्सेल आहे; अंगठ्याला ४४ बरे.

बडोद्यात एकच संकेतस्थळ मराठी, गुजराती आणि इंग्रजीत करायचे असले तर आणखी एक खोच निघते. रुंदी 'होम'वरून बेतली की 'मुख्यपृष्ठ' दोन ओळींत मोडते आणि खालचे पर्याय सरकतात. पेटीची उंची बांधून जादा मजकूर लपवला असेल, तर वेलांट्या आणि उकार कापले जातात. रुंदी सर्वांत लांब मराठी शब्दावरून घ्यावी, उंची मोकळी सोडावी आणि ओळींतले अंतर अक्षरांच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास ठेवावे.