बुडबुडे वाढवायचे की धार?

प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला कॅल्शियम रिॲक्टर लावलाय आणि टाकीची अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) घसरली, की ‘धार वाढव’, म्हणजे रिॲक्टरमधून टाकीत पडणारं पाणी वाढव, हा सल्ला ठरलेला. दोन दिवसांनी तोच माणूस विचारतो, धार दुप्पट केली तरी आकडा हलेना, असं का?

कारण धार माल तयार करत नाही. रिॲक्टरच्या चेंबरमधला मीडिया, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे खडे, किती विरघळणार हे आत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडवर, म्हणजे बुडबुड्यांवर ठरतं. धार फक्त विरघळलेलं टाकीपर्यंत वाहून नेते. गॅस तेवढाच ठेवून धार वाढवली तर चेंबरचा पीएच वर जातो आणि बाहेर येणारं पाणी पातळ होतं. टाकीत पडणारी एकूण भर जवळपास तिथंच. वरण वाढवायला नुसतं पाणी ओतावं, तसं.

मग हा सल्ला येतो कुठून? पीएच बघून गॅस आपोआप चालू-बंद करणारा पीएच कंट्रोलर ज्यांच्याकडे असतो, त्यांच्याकडून. धार वाढून पीएच चढला की त्यांचा कंट्रोलर गॅस जास्त वेळ चालू ठेवतो. म्हणून त्यांच्याकडे धार वाढवली की भर खरंच वाढते. तुमचा गॅस नुसत्या नीडल व्हॉल्व्हवर (हातानं लावायच्या बारीक तोटीवर) असेल, तर त्यांचं ऐकून धारेला हात लावू नका. लावलाच, तर बुडबुडेही त्या प्रमाणात वाढवा.

धार किती हवी ते हिशेबानं काढा. ४०० लिटरची टाकी रोज १.५ डीकेएच (अल्कलिनिटीचं माप) खाते, म्हणजे ४०० गुणिले १.५, ६०० ची गरज. टाकीत ८ डीकेएच आणि रिॲक्टरच्या पाण्यात २८ असेल तर लिटरमागे भर २० ची. २८ ची नव्हे, हे बरेच जण विसरतात. म्हणजे रोज ३० लिटर, मिनिटाला साधारण २१ मिली. थेंब मोजत बसू नका, मिनिटभर मेजरिंग सिलिंडर धरा. आणि शक्य असेल तर पेरिस्टाल्टिक पंपच (नळी दाबत ठरावीक पाणी ढकलणारा) लावा. चिमटलेला व्हॉल्व्ह हळूहळू बुजतोच.

धार पक्की झाली की पुढचं सगळं बुडबुड्यांवर. अरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचाच एक प्रकार) मीडियाला चेंबरचा पीएच ६.५ ते ६.७ पुरतो, फार खाली नेलात तर मीडियाचा चिखल होतो. ‘मिनिटाला किती बुडबुडे ठेवता?’ हा प्रश्न मात्र कुणाला विचारू नका. प्रत्येक बबल काउंटरचा बुडबुडा वेगळ्या मापाचा असतो.

कॅल्शियम एकटंच कमी असेल तर रिॲक्टर सोडा, कॅल्शियम क्लोराइड घाला. रिॲक्टर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही ठरलेल्या प्रमाणातच देतो, एका डीकेएचमागे साधारण ७ पीपीएम कॅल्शियम.