पिंजऱ्यातल्या पक्ष्याला लस: आधी कागद, मग सुई

मकाव, कोन्यूर, आफ्रिकन ग्रे अशा पाळलेल्या परदेशी पोपटाला आपल्या बेळगाव भागात लस द्यायची तर परवानगी कुठे काढायची? नुसत्या लसीसाठी वेगळा अर्ज नसतो. अर्ज असतो तो पक्षी बाळगण्याचा. तो झालेला नसेल तर लसीचा कागदच अंगाशी येतो, कारण त्यावर पक्ष्याची जात आणि मालकाचं नाव शेजारी शेजारी असतं.

आधी पक्षी कुठल्या गटात बसतो ते बघा. बजरीगर, कॉकेटिल आणि पीच-फेस लव्हबर्ड यांना नोंदणी लागत नाही. पण फिशर लव्हबर्डला लागते, आणि बाजारात दोन्ही नुसते 'लव्हबर्ड' म्हणूनच विकले जातात. जातीचं शास्त्रीय नाव पावतीवर लिहून घ्या. कोल्हापूर-मिरजेकडून पक्षी आणत असाल तर विकणाऱ्याच्या नोंदणीची प्रतही मागा. ती द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून घेऊच नये.

आपला हिरवा राघू, मैना, मोर यांचं गणित वेगळं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार हे पक्षी घरात ठेवताच येत नाहीत आणि त्यांची नोंदणी करून घेण्याची सोयही नाही. जखमी राघू सापडला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन खात्याला कळवायचं. पुढचा उपचार आणि लस वन खातं बघेल. "लहानपणापासून आमच्याकडेच आहे" हे कारण चालत नाही.

नोंदणी

परदेशी प्रजातींसाठीचे नियम 28 फेब्रुवारी 2024 रोजी निघाले. ज्यांच्याकडे आधीपासून पक्षी होते त्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती संपली. आता नवा पक्षी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश 2.0 पोर्टलवर अर्ज करायचा. शुल्क 1000 रुपये, परत मिळत नाही. मुदत चुकली असेल तर लपवाछपवी न करता बेळगावच्या उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी विचारा आणि पोहोच घ्या.

जवळ ठेवायचे कागद: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, खरेदीची पावती, पक्ष्याचे स्पष्ट फोटो, पायातल्या कडीचा किंवा मायक्रोचिपचा नंबर, पिंजऱ्याचं मोजमाप. कडीवरचे आकडे फोटोत वाचता आले पाहिजेत. कार्यालयात लेखी अर्ज कन्नडमध्ये मागितला तर सोबत मराठी मसुदा ठेवा, म्हणजे आपण कशावर सही करतोय ते कळतं.

लस

पक्ष्यांचा सगळ्यांत ओळखीचा विषाणूजन्य रोग म्हणजे राणीखेत, आपल्याकडची मानमोडी. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मिळते ती लस कोंबड्यांसाठीची. एफ-1 आणि लासोटा या सौम्य, डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. आर-2बी कडक असते, ती पोपटाला स्वतःहून टोचायच्या भानगडीत पडू नका. कुठली द्यायची, द्यायची की नाही, हे पक्षी बघून पशुवैद्यच ठरवतील. आजारी पक्ष्याला लस नाही.

खरी अडचण बाटलीची. ती शंभर-दोनशे डोसांची येते आणि द्रावणात मिसळली की साधारण दोन तासांत संपवावी लागते. घरी दोनच पक्षी असतील तर चार-पाच पक्षीवाल्यांनी मिळून एक दिवस ठरवावा. बाटली बर्फाच्या थर्मासमधून न्यावी. लस दिल्यावर पशुवैद्यांची सही, त्यांचा नोंदणी क्रमांक, लसीचा बॅच नंबर आणि तारीख लिहून घ्या.

बर्ड फ्लूची लस मात्र मागू नका. भारतात अतिघातक बर्ड फ्लूसाठी लसीकरण नाही, रोगाचा संशय आला की नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात आणि रोग नक्की झाला की 1 किलोमीटरच्या आतली पाळलेली पाखरं नष्ट केली जातात. अमेरिकेत 2023 मध्ये कॅलिफोर्निया कॉन्डॉर या गिधाडांना लस दिली गेली, पण ती नामशेष होऊ घातलेली जात, तिथे सरकारने खास मंजुरी दिली. गोकाककडच्या घटप्रभा अभयारण्यात हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. त्या बाजूला राहणाऱ्यांनी पिंजऱ्यावर जाळी मारावी आणि दाणा-पाणी उघड्यावर ठेवू नये.

एकाएकी पाखरं मरू लागली तर 2009 च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीला किंवा जवळच्या दवाखान्याला सांगा. नोंदणी असलेला पक्षी मेला तर तपासणीआधी पुरू नका. शवविच्छेदनाचा दाखला घ्या आणि मृत्यूची नोंद परिवेशवर करा.