धोंड पायाला औषध लावतात? अजिबात नाही!

गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीची जत्रा आली की हे हमखास ऐकायला मिळतं, म्हणे धोंड, म्हणजे देवीचं व्रत घेतलेले भक्त, पायाला कसलं तरी औषध लावून अग्निदिव्य करतात. चूक आहे हे! धोंड व्रत पाळतात, तळीवर आंघोळ करतात, हातात बेतकाठी (वेताची काठी), गळ्यात मोगऱ्याच्या माळा आणि पहाटे अनवाणी निखाऱ्यांवरून जातात, औषधाची गरजच नाही कारण कोळसा उष्णतेचा मंद वाहक, वर राखेचा थर आणि पाय क्षणभरच टेकतो. 1935 साली इंग्लंडमध्ये कुडा बक्ष नावाचा जादूगार निखाऱ्यांवरून चालला तेव्हा डॉक्टरांनी आधी त्याचे पाय तपासले होते, औषध काहीच नव्हतं. पण रेंगाळलं की भाजतंच, म्हणून प्लीज घरी प्रयोग नको. आणि वैशाख शुद्ध पंचमीची ही जत्रा नुसत्या आगीसाठी नाही, तो मोगऱ्याचा घमघमाट अनुभवाच!