पन्नासच्या खाली आलेला आकडा

टाकीतल्या पाण्याची पातळी वाचणारा सी भाषेतला छोटासा प्रोग्राम होता. सेन्सर काहीही सांगो, ५०च्या खालचा आकडा पुढे जायला नको, म्हणून दोनांतला मोठा आकडा निवडणारा मॅक्रो लावला होता: मॅक्स(वाच(), ५०). तरी लॉगमध्ये मधूनच ४८ उमटायचा. दोन दिवस मी सेन्सरला शिव्या घातल्या, वायरसुद्धा बदलली.

मॅक्रो म्हणजे फंक्शन नव्हे, हे सगळ्यांना पाठ असतं; ऐन वेळी आठवत नाही. कंपायलरच्या (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) आधी प्रीप्रोसेसर येतो, मॅक्रोचं नाव दिसेल तिथे त्याची व्याख्या चिकटवतो आणि बाजूला होतो. १९७२-७३च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी भाषेचे जनक डेनिस रिची यांनी तो सीला जोडला, तेव्हा दुसरी फाइल आत ओढणं आणि साधी अदलाबदल एवढंच त्याला येत होतं. आर्ग्युमेंट, म्हणजे कंसात दिलेला मजकूर, घेणारे मॅक्रो माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी नंतर आणले, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. स्क्वेअर(क) म्हणजे क * क असं लिहून स्क्वेअर(२ + ३) मागा: कंपायलरच्या हाती २ + ३ * २ + ३ पडतं, उत्तर २५ऐवजी ११.

यावर व्याख्येतल्या प्रत्येक क भोवती आणि सगळ्या व्याख्येभोवती कंस हा उतारा. माझा मॅक्स कंसांनी खच्चून भरलेला, म्हणून तर त्याच्यावर संशयच आला नाही. डीबगरमध्ये (प्रोग्राम ओळीओळीने चालवून चूक शोधायच्या साधनात) ‘नेक्स्ट’ दिलं की अख्खी ओळ एका घासात गिळली जायची. शेवटी जीसीसी या कंपायलरला ‘-ई’ (मोठा ई) हा पर्याय दिला. मग तो प्रीप्रोसेसर चालवून थांबतो आणि तयार झालेला मजकूर दाखवतो. वर हेडर फायलींच्या, म्हणजे आत ओढलेल्या फायलींच्या, शेकडो ओळी असतात. आपला कोड शेपटाकडे. तिथे ही ओळ होती:

((वाच()) > (५०) ? (वाच()) : (५०))

म्हणजे प्रश्नचिन्हाआधीची तुलना खरी ठरली तर डावीकडचं, नाहीतर उजवीकडचं. वाच() दोनदा! तुलनेच्या वेळी ५१ आला, म्हणून डावी बाजू जिंकली; मग तोच आकडा द्यायच्या ऐवजी सेन्सर पुन्हा वाचला, तोवर हिंदकळणारं पाणी ४८वर.

उपाय एका ओळीचा: वाचलेला आकडा आधी व्हेरिएबलमध्ये ठेवायचा, मग मॅक्सला द्यायचा. मॅक्रोच काढून इनलाइन फंक्शन लिहिलं तर अधिक बरं, आर्ग्युमेंटची किंमत एकदाच काढली जाते.

जीडीबी हा डीबगर वापरत असाल तर कंपाइल करताना ‘-जी३’ द्या. नुसत्या ‘-जी’ने मॅक्रोंची माहिती डीबगरपर्यंत पोचत नाही, ‘-जी३’ असेल तर ‘मॅक्रो एक्स्पांड’ म्हटलं की तो विस्तार तिथल्या तिथे उलगडून दाखवतो.