उपकार फिटतात, पण कोणाच्या हिशेबाने?

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याला लावतो. ती स्वतःला लागू पडते, असे सहसा कोणाला वाटत नाही. उपकारांच्या फेडीवर झालेले संशोधन पाहिले, की ही विसंगती बरीचशी उलगडते.

मानसशास्त्रज्ञ डेनिस रेगन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रांना गुण देण्याच्या निमित्ताने दोघांना एकत्र बसवले जाई, आणि त्यांतला एक संशोधकाचाच साथीदार असे. मधल्या सुट्टीत बाहेर गेलेला हा साथीदार कधी रिकाम्या हाताने परते, तर कधी दुसऱ्यासाठीही कोका-कोलाची बाटली घेऊन येई. पुढे तोच सोडतीची तिकिटे घेण्याची गळ घाली. न मागता बाटली मिळालेल्यांनी इतरांच्या जवळपास दुप्पट तिकिटे घेतली, मग तो माणूस त्यांना आवडलेला असो वा नसो.

मात्र येथे उपकार आणि मागणी यांत फारसा वेळ गेलेला नव्हता. फ्रान्सिस फ्लिन यांच्या २००३ मधील अभ्यासानुसार, उपकार ताजा असताना घेणारा त्याचे मोल देणाऱ्यापेक्षा अधिक मानतो. पुढे घेणाऱ्याच्या लेखी ते उतरत जाते आणि देणाऱ्याच्या लेखी चढत जाते. समजा, एकाने सहकाऱ्याची रात्रपाळी केली. दुसऱ्या दिवशी सहकारी भारावलेला असतो आणि हा ‘त्यात काय एवढे’ म्हणतो. काही महिन्यांनी याला ते जागरण आठवते, तर सहकाऱ्याला वाटते, की दुसरे कोणीही ती पाळी केली असती. कृतघ्नतेच्या बहुतेक तक्रारी, माझ्या मते, या फरकातूनच निघतात, आणि त्यांत खोटे कोणीच बोलत नसते. स्वतःचे श्रम चटकन आठवतात, दुसऱ्याचे नाहीत. म्हणूनच मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये पती-पत्नींना घरातील जबाबदाऱ्यांमधला आपापला वाटा विचारला, तेव्हा बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली.

रक्तपिपासू वटवाघळांत हा व्यवहार अधिक चोख दिसतो. दोन-तीन रात्री रक्त न मिळाल्यास ती मरतात, त्यामुळे पोट भरलेले वटवाघूळ उपाशी सोबत्याला रक्त ओकून भरवते. कोणाला भरवायचे हे ठरताना नात्यापेक्षा पूर्वी त्याच्याकडून मिळालेला घास अधिक मोलाचा ठरतो, असे जेराल्ड कार्टर आणि जेराल्ड विल्किन्सन यांना २०१३ मध्ये आढळले. माणसात आणखी एक वाट आहे: मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड यांनी १९९८ मध्ये गणिती प्रारूपाने दाखवले, की मदत करणाऱ्याचा लौकिक इतरांपर्यंत पोहोचत असेल, तर त्याची परतफेड ज्याच्यावर उपकार झाला त्याच्याऐवजी भलत्याच कोणाकडूनही होऊ शकते.