मंत्र, मणी आणि औषध: गोव्यातल्या दैवी उपचारांची पार्श्वभूमी

गोव्यात मोठे आजारपण आले की डॉक्टर गाठण्याआधी देवळात कौल लावणारी घरे आजही आहेत. मूल किरकिरू लागले की मीठ-मिरच्या ओवाळून दिश्ट काढली जाते, आणि ती ख्रिस्ती घरांतही काढतात. या चालीरीतींना अडाणीपणा म्हणून झटकणे मला पटत नाही. ‘हाच खरा आयुर्वेद’ हा दावा तर त्याहूनही पटत नाही.

आयुर्वेदाचा मूळ ग्रंथ असलेल्या चरकसंहितेच्या ‘सूत्रस्थान’ या भागात उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत. दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र, मणिधारण, बली, होम, उपवास, प्रायश्चित्त वगैरे. युक्तिव्यपाश्रय म्हणजे विचारपूर्वक योजलेला आहार आणि औषध. सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मन आवरणे. पहिल्या प्रकारामागे अथर्ववेदाची परंपरा आहे. पण चरकसंहिताच उन्मादाच्या निदानात निक्षून सांगतो की देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस कोणाही माणसाला आपणहून पीडा देत नाहीत. मूळ त्याच्या स्वतःच्या कर्मात असते. तिच्याच ‘विमानस्थान’ या भागात तर दुर्बळ दैवावर पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, मात करतो, असे स्पष्ट वचन आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ही भूमिका मला फार धीट वाटते.

ज्योतिषाचा भाग चरकात मर्यादितच आहे. वमनासाठी, म्हणजे औषधाने उलटी करवण्यासाठी, लागणारे गेळफळ पुष्य, अश्विनी किंवा मृगशीर्ष नक्षत्रावर गोळा करावे, अशा प्रकारचा. कुंडलीतला ग्रह, पूर्वजन्मीचे पाप आणि रोग यांची सविस्तर सांगड पुढे मध्ययुगीन ग्रंथांत घातली गेली.

बाळंतिणीच्या खोलीत मात्र शास्त्र आणि लोकाचार एकमेकांत मिसळलेले दिसतात. सुश्रुताने बालकांना पछाडणारे नऊ बालग्रह वर्णिले; बालरोगांवरच्या काश्यपसंहितेत त्यांतली रेवती आणि षष्ठी देवी (म्हणजेच सटी) एकरूप आहेत. सहाव्या रात्री होणारी सटीची पूजा याच धारणेच्या कुळातली.

पोर्तुगीज आले आणि गोव्यात या गोष्टींची फाटाफूट झाली. १५३४ मध्ये आलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज डॉक्टरने १५६३ मध्ये इथेच छापलेल्या औषधीग्रंथात स्थानिक वैद्यांचे उपाय नोंदवले. मोडशीवर, म्हणजे पटकीवर, मिरी-जिऱ्याची पेज आणि पायांना डाग, हा त्यातलाच एक. पण १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना हिंदू वैद्य आणि सुईणींकडे जाण्यास मनाई केली. गंमत अशी नव्हे, खेदाची गोष्ट अशी, की खुद्द ऑर्ताची हाडेही १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, उकरून जाळली, कारण तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत असल्याचा ठपका होता. बंदी असूनही वैद्यांवाचून चालत नव्हते. १६१८ मध्ये नगरसभेने परीक्षेची अट घातली आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसवर बांधली. राज्यकर्त्यांना मुळ्या-साली हव्या होत्या, मंत्र नको होते. मंत्र घरात आणि देवळात राहिले, आणि त्यांच्यावर वैद्याचा अंकुश उरला नाही.

१९५४ च्या केंद्रीय कायद्याने ताईत, मंत्र, कवच यांनी ठरावीक आजार बरे होतात अशा जाहिरातींना बंदी आहे. तरी ग्रहशांतीने मधुमेह घालवण्याची आश्वासने मिळत राहतात. सटी पुजणाऱ्या आईशी माझे काहीच भांडण नाही. इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्याशी आहे, आणि त्याने चरकाचे नाव घेऊ नये.